चिप बनवायची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या : मक्तेदारी खरी, चक्रही खरे

सह्यवारा (धागाकर्ता)

एआयमध्ये पैसे लावायचे म्हटले की बोलणे एनव्हिडियावर सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. थोडा अभ्यास केलेले लोक पुढे जाऊन म्हणतात, "चिप कोणाचीही चालो, ती बनवायचे मशीन एएसएमएलकडूनच घ्यावे लागणार. मग एएसएमएल घ्या आणि दहा वर्षे विसरून जा." ह्यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. हा धागा दुसऱ्या अर्ध्यासाठी काढतोय, कारण ओळखीतल्या बऱ्याच जणांनी निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम ह्या एका वाक्याच्या भरवशावर लावली आहे आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

आधी साखळी. एनव्हिडिया स्वतः चिप बनवत नाही, आराखडा करते. चिप बनते तैवानच्या टीएसएमसीत. तिच्या शेजारी बसणारी एचबीएम, म्हणजे थरावर थर रचलेली मेमरी, एसके हायनिक्स, मायक्रॉन आणि सॅमसंगकडून येते. दोन्ही एका पायावर जोडायचे काम, ज्याला कोवॉस म्हणतात, पुन्हा टीएसएमसीकडे. ह्या सगळ्यांच्या कारखान्यांतल्या यंत्रांचा मोठा भाग पाच कंपन्यांचा असतो. नेदरलँड्सची एएसएमएल प्रकाशाने नक्षी उमटवते. अमेरिकेची अप्लाइड मटेरियल्स मुख्यतः पातळ थर चढवते, लॅम रिसर्च नको तेवढे कोरून काढते, केएलए टप्प्याटप्प्यावर दोष शोधते. जपानची टोकियो इलेक्ट्रॉन नक्षीआधी वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) फोटोरेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने बदलणारा लेप, पसरवते आणि नंतर तो डेव्हलप करते. ह्या एका कामात तिला जवळजवळ स्पर्धकच नाही. थर चढवणे आणि कोरणे ह्यांत अप्लाइड, लॅम आणि टोकियो इलेक्ट्रॉन ह्यांची टक्कर असते, इतर कामांत ह्या पाच जणी एकमेकींच्या अंगणात कमी शिरतात. अप्लाइड आणि टोकियो इलेक्ट्रॉन २०१३मध्ये एकत्र यायला निघाल्या होत्या, लॅम आणि केएलएनेही नंतर तोच घाट घातला, पण स्पर्धा नियामकांच्या आक्षेपांमुळे २०१५ आणि २०१६मध्ये दोन्ही बेत गुंडाळावे लागले.

मक्तेदारी किती पक्की आहे हे ईयूव्ही मशिनच्या, म्हणजे सर्वांत बारीक नक्षी उमटवणाऱ्या एएसएमएलच्या यंत्राच्या, आत डोकावले की कळते. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० ह्या गतीने निर्वात पोकळीत सोडले जातात. प्रत्येक थेंबावर लेसरचे दोन मारे बसतात. पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवा शोषून घेते, काचही शोषून घेते. म्हणून भिंगे चालत नाहीत. जर्मनीच्या झाइसचे आरसे लागतात. लेसरही जर्मनीचाच, ट्रुम्फ कंपनीचा. २०१२मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग ह्या तीन ग्राहकांनी संशोधनाला पैसा मिळावा म्हणून एएसएमएलमध्ये मिळून २३ टक्के भागभांडवल घेतले. इतके करूनही ईयूव्ही मोठ्या उत्पादनात उतरायला २०१८-१९ उजाडले. निकॉन आणि कॅनन ह्या शर्यतीतून केव्हाच बाहेर पडल्या होत्या. तेव्हा उद्या कोणी उठून हे मशीन बनवेल अशी भीती मला वाटत नाही.

पण मक्तेदारीमुळे ग्राहक दुसरीकडे जात नाही, एवढेच घडते. ग्राहकाने यंदा मशीन घ्यायचेच नाही असे ठरवले तर त्यावर मक्तेदारीकडे उपाय नाही.

हिशोब करून पाहा. एका कारखान्यात १०० यंत्रे आहेत. चिपची मागणी २० टक्के वाढली, त्याने २० नवी मागवली. पुढच्या वर्षी मागणी १० टक्के वाढली. आता १२० यंत्रांवर १२ पुरतात. चिपवाल्याचा धंदा दोन्ही वर्षे वाढला, बातम्याही चांगल्या आल्या, आणि यंत्रवाल्याच्या ऑर्डरी मात्र २०वरून १२वर आल्या, म्हणजे ४० टक्के घसरल्या. मागणी आहे तिथेच थांबली तर नवी ऑर्डर शून्य.

हे फक्त कागदावरचे नाही. अप्लाइड मटेरियल्सची विक्री आर्थिक वर्ष २०००मध्ये साडेनऊ अब्ज डॉलर होती, २००३मध्ये साडेचार अब्ज. डॉट-कॉमचा फुगा फुटला, पण त्या तीन वर्षांत इंटरनेट बंद पडले नव्हते, वापर वाढतच होता. तरी शेअरला २०००चा उच्चांक पुन्हा पाहायला सुमारे सतरा वर्षे लागली. लॅमची विक्री २००८च्या आर्थिक वर्षात जवळपास अडीच अब्ज होती, पुढच्याच वर्षी १.१ अब्ज.

"ते जुने झाले, आता एआय आहे" असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडचे उदाहरण. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आले. त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री २७ अब्ज डॉलरवरून ६१ अब्जांवर गेली. साधारण त्याच सुमारास लॅमची विक्री १७.४ अब्जांवरून १४.९ अब्जांवर उतरली. एआयच्या लाटेचे पहिलेच वर्ष आणि यंत्रवाल्याची विक्री खाली! कारण लॅमचा मोठा ग्राहक मेमरीवाला, आणि मेमरीची त्या काळात वाताहत चालली होती. मायक्रॉनची विक्री एका वर्षात ३०.८ अब्जांवरून १५.५ अब्जांवर आली होती. अशा वेळी नवी यंत्रे कोण घेणार?

ती पोकळी बऱ्याच अंशी चीनने भरली. अमेरिकेने ७ ऑक्टोबर २०२२ला निर्यातबंदी कडक केल्यावर चिनी कारखान्यांनी मिळेल ते जुन्या पिढीचे यंत्र उचलायला सुरुवात केली. २०२४च्या पहिल्या तिन्ही तिमाहींत एएसएमएलच्या यंत्रविक्रीचा जवळजवळ निम्मा हिस्सा चीनचा होता, आणि ईयूव्ही तर चीनला आजवर एकही गेलेले नाही. म्हणजे "एआयमुळे एएसएमएल चाललीय" असे आपण म्हणत होतो तेव्हा गल्ल्यात पैसा बराचसा चीनच्या साठेबाजीचा होता. मला ह्या धाग्यात हेच सांगायचे आहे : शेअर एआयच्या नावाने घेताना कंपनीची विक्री नेमकी कोणाच्या खिशातून येतेय ते आधी पाहा.

ह्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी जरूर लिहावे. मी गुंतवणूकदार आहे, सल्लागार नाही.

वडाची पारंबी

१०० यंत्रांचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला. गेले कित्येक महिने मी हेच सांगायचा प्रयत्न करत होते, आकडे सापडत नव्हते. वाचनखूण साठवली आहे.

हॉलंडकर

उत्तम धागा. मी आइंडहोव्हनजवळ एका पुरवठादार कंपनीत आहे, फेल्डहोव्हन, म्हणजे एएसएमएलचे गाव, इथून सायकलच्या अंतरावर. आतले काही सांगू शकत नाही, पण सगळ्यांना दिसते तेवढे लिहितो.

एएसएमएल म्हणजे एका छपराखाली सगळे बनवणारी कंपनी असा बाहेर समज आहे. प्रत्यक्षात ती मुख्यतः आराखडा, जुळणी आणि चाचणी करते. बहुतेक भाग बाहेरून येतात. त्यामुळे तिच्याकडे ऑर्डर पुढे ढकलली गेली की आमच्या गावातल्या छोट्या कारखान्यांना ते ओव्हरटाइम बंद झाल्यावर कळते, शेअर बाजाराला नंतर.

१५ ऑक्टोबर २०२४चा दिवस इथे सगळ्यांच्या लक्षात आहे. तिमाही निकाल दुसऱ्या दिवशी यायचा होता, तांत्रिक चुकीमुळे तो एक दिवस आधीच संकेतस्थळावर झळकला. नव्या ऑर्डरी २.६ अब्ज युरो. विश्लेषकांची अपेक्षा साडेपाच अब्जांच्या आसपास होती. त्या एका दिवसात शेअर १६ टक्के पडला. आता हे लक्षात घ्या : त्या वर्षी कंपनीची एकूण विक्री २८.३ अब्ज युरो झाली, आदल्या वर्षीपेक्षा जास्तच. कोणी स्पर्धक आला नव्हता, मशीन बिघडले नव्हते. ग्राहकांनी "थोडे थांबतो" म्हटले, बस.

दुसरी बाजूही सांगतो. २७ जानेवारी २०२५ला डीपसीक ह्या चिनी एआय मॉडेलच्या बातमीने एनव्हिडिया १७ टक्के पडला, सुमारे ५९० अब्ज डॉलरचे बाजारमूल्य एका दिवसात गेले. एएसएमएलही सात टक्क्यांच्या आसपास पडला. दोनच दिवसांनी तिचा निकाल आला आणि नव्या ऑर्डरी ७.१ अब्ज युरो निघाल्या. म्हणजे तिमाहीच्या ऑर्डरींवरून घाबरणेही चूक, हुरळणेही चूक. एक ईयूव्ही मशीन वीसेक कोटी युरोचे. हाय-एनए म्हणून जे नवे आहे ते ३५ कोटी युरोच्या घरात, वजन दीडशे टन. अशी दहाबारा यंत्रे एका तिमाहीतून दुसऱ्या तिमाहीत सरकली तरी आकडा उलटापालटा होतो.

भोसरीकर

मी चिपमधला नाही. भोसरीत जॉबवर्कचं शॉप आहे, व्हीएमसी आणि टर्निंग सेंटर. पण सह्यवारांनी लिहिलंय ते आमच्याकडे रोज बघतो.

२०१९ला गाड्यांचा धंदा मंदावला तेव्हा गाड्या बनायच्या बंद नव्हत्या झाल्या. आम्हाला काम कमी मिळत होतं, पण मिळत होतं. मशीन विकणाऱ्यांचं काय झालं होतं ते विचारा. जो सेल्सवाला आधी फोन उचलत नव्हता, डिलिव्हरीला आठ महिने सांगत होता, तोच शॉपवर येऊन बसायला लागला, "शेठ, स्टॉकमध्ये तयार आहे, पुढच्या आठवड्यात लावून देतो." आम्ही नवं मशीन कशाला घेऊ? आहे तेच दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आलेलं.

पण त्याच सेल्सवाल्याची सर्व्हिसची माणसं तेव्हाही कामात होती. स्पिंडल गेला, बॉलस्क्रू बदलायचा आहे, ह्याला मंदी नसते. जुनं मशीन जास्त दिवस चालवायचं म्हटलं की दुरुस्ती उलट वाढते. ह्या चिपवाल्या कंपन्यांचं सर्व्हिसचं उत्पन्न किती असतं? मला तोच आकडा बघावासा वाटतो.

रात्रपाळी

भोसरीकर काकांचा प्रश्न माझ्या कामाच्या जवळचा आहे म्हणून लिहितेय. मी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये एका फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) एच (etch) विभागात प्रोसेस इंजिनिअर आहे. (आमच्याकडे कोरण्याच्या कामाला सगळे 'एच'च म्हणतात.)

चेंबरमध्ये वेफर ज्या चकतीवर बसतो तिच्याभोवती एक कडे असते, एज रिंग. प्लाझ्मा वेफर कोरतो तसा तो हे कडेही खातो. कडे झिजले की वेफरच्या काठावरच्या चिप्स वाकड्या कोरल्या जातात, उत्पादन घटते. म्हणून ठरावीक तासांनी ते बदलावेच लागते. पूर्वी त्यासाठी चेंबर उघडायचे, पुसायचे, पुन्हा निर्वात करायचे, चाचणीचे वेफर चालवायचे. मशीन बराच वेळ बंद. आता नव्या यंत्रांत चेंबर न उघडता रोबोटच कडे बदलतो. हा सुटा भाग आहे, पण यंत्र जितके तास चालेल तितका तो खपणार. वर सॉफ्टवेअर, अपग्रेड, करारावरची देखभाल.

आकडे जाहीर असतात. लॅमच्या विक्रीत हा ग्राहकसेवेचा भाग एक तृतीयांशाहून जास्त असतो. अप्लाइडचा २०२४मध्ये २७ अब्जांपैकी सहा अब्जांच्या वर होता. एएसएमएलचा त्याच वर्षी २८.३ अब्ज युरोंपैकी साडेसहा. केएलएचा सुमारे पाव. नवी यंत्रे घेणे कंपनी एका बैठकीत थांबवू शकते, सुट्या भागांची ऑर्डर तशी थांबत नाही. अर्थात २०२३मध्ये मेमरीवाल्यांनी चेंबरच बंद ठेवले तेव्हा सुट्या भागांचा खपही कमी झाला होता, त्यामुळे हे उत्पन्न अगदी पक्के समजू नका.

चढती कमान

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. शेअर बाजारात बरीच वर्षे आहे, त्यावरून लिहितो.

१०० यंत्रांच्या हिशोबात एक गृहीतक दडलेले आहे, की एका चिपला लागणारी यंत्रे कायम तेवढीच राहतात. तसे नाही. मायक्रॉनच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ मेमरीपेक्षा एचबीएमला वेफर सुमारे तिप्पट लागतात. वर त्या चकत्या घासून पातळ करा, आरपार छिद्रे पाडून तांबे भरा, एकावर एक चिकटवा. घासायला आणि कापायला जपानची डिस्को, चिकटवायला कोरियाची हानमी, तपासायला अॅडव्हान्टेस्ट. हे सगळे वाढीव काम आहे. लॉजिकमध्ये, म्हणजे हिशोब करणाऱ्या चिपमध्ये, ट्रान्झिस्टर आता गेट-ऑल-अराउंड (चारही बाजूंनी गेटने वेढलेला) झाला. थरांच्या फटीत शिरून कोरणे आणि अणूअणूने थर चढवणे, दोन्ही वाढले. पुढे वीज वेफरच्या पाठीमागून द्यायची आहे, त्याने आणखी टप्पे वाढतात.

दुसरे, प्रत्येक देशाला आपला कारखाना हवा आहे. अमेरिकेचा ऑगस्ट २०२२चा चिप्स कायदा, टीएसएमसीचे अॅरिझोना, जपानातले कुमामोटो, जर्मनीतले ड्रेस्डेन. जे काम तैवानमध्ये एका जागी होत होते त्यासाठी चार जागी यंत्रे लागणार. २०००ची तुलना इथे लावू नये. तेव्हा कर्ज काढून फायबर टाकणाऱ्या कंपन्या होत्या, आता खर्च करणारे मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन, अल्फाबेट, मेटा आहेत. त्यांच्याकडे पैसा स्वतःचा आहे.

सह्यवारा

चढती कमान, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो तुम्ही फार छान मांडलात. एका चिपमागे यंत्रांचा खर्च वाढतोय म्हणूनच मी ह्या क्षेत्रात आहे. पण त्याने चक्राची सरासरी उंचावते, चक्र नाहीसे होत नाही. २०००नंतर प्रत्येक पिढीत टप्पे वाढतच गेले होते, तरी २००९ आणि २०२३ आलेच.

देशोदेशीच्या कारखान्यांबद्दल मला तुमच्याइतका विश्वास नाही. इंटेलचा जर्मनीतला माग्देबुर्गचा ३० अब्ज युरोचा प्रकल्प आठवा. सरकारी मदत ठरली, जागा ठरली, सप्टेंबर २०२४मध्ये तो पुढे ढकलला आणि जुलै २०२५मध्ये रद्द केला. ओहायोतला कारखानाही ह्या दशकाच्या शेवटाकडे सरकला. भूमिपूजनाच्या फोटोनंतर यंत्राची ऑर्डर जायला वर्षे लागतात, कधी ती जातच नाही. आणि दोन कारखाने अर्धे अर्धे चालणार असतील तर यंत्रवाल्याचा आजचा फायदा म्हणजे उद्याची उचल असते.

पैसा स्वतःचा आहे, हे २०२५च्या सुरुवातीपर्यंत नक्कीच खरे होते. मायक्रोसॉफ्टने त्या आर्थिक वर्षासाठी सुमारे ८० अब्ज डॉलर, अल्फाबेटने ७५, मेटाने ६० ते ६५, अॅमेझॉनने १०० अब्जांच्या आसपास खर्च सांगितला होता, नंतर बहुतेकांनी वाढवलाच. पण ही चार नावे आहेत. एनव्हिडियाचे मोठे ग्राहक तेच, टीएसएमसीकडे येणारी एआयची मागणी त्यांचीच, एचबीएमची त्यांचीच, आणि शेवटी यंत्रेही त्यांच्याच जोरावर. एखाद्याने एनव्हिडिया, टीएसएमसी, मायक्रॉन, लॅम आणि एएसएमएल असे पाच शेअर घेतले आणि "मी जोखीम विभागली" म्हटले, तर त्याने चार संचालक मंडळांच्या एकाच निर्णयावर पाच वेळा पैसे लावलेत. ह्याकडे लोकांचे लक्ष जात नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपते.

राहिला भाव. जुलै २०२४मध्ये एएसएमएल अॅम्स्टरडॅममध्ये हजार युरोच्या वर होता, एप्रिल २०२५मध्ये सहाशेच्या खाली. ह्या काळात कंपनीची विक्री वाढत होती, नफा चांगला होता, मक्तेदारी जशीच्या तशी होती. बदलला तो फक्त लोक द्यायला तयार असलेला भाव. जुलैत घेणारा आणि एप्रिलात घेणारा, दोघांनी एकच कंपनी घेतली, दोघांची दहा वर्षे मात्र वेगळी जाणार. म्हणून मी चक्राच्या खालच्या टोकाला, म्हणजे मेमरीवाले खर्च कापतायत, निकाल वाईट येतायत, अशा वेळी थोडे थोडे घेतो. पी/ई (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) तेव्हा फसवा दिसतो, कारण नफाच आटलेला असतो. त्याऐवजी मागच्या सात-आठ वर्षांच्या सरासरी नफ्याशी भाव ताडून पाहतो.

भोसरीकर काका, रात्रपाळी, तुमच्या दोन प्रतिसादांनी धागा सार्थकी लागला.

नवी सुरुवात

मी शाळेत शिक्षिका आहे, परदेशी शेअर कधी घेतलेले नाहीत. भारतातच धोलेरा, साणंद, आसाम इथे चिपच्या कारखान्यांचे एवढे चालले आहे, तर आपल्याच बाजारात ह्या साखळीतले काही नाही का? एका व्हॉट्सअॅप गटावर रोज नवीन नाव येते.

सह्यवारा

ताई, सगळ्यात आधी तो गट बंद करा. नावात 'सेमीकंडक्टर' आहे किंवा व्यवसायाच्या यादीत हा शब्द घातला आहे, एवढ्यावर रोज अप्पर सर्किट (दिवसाच्या कमाल मर्यादेपर्यंत भाववाढ) लागणारे शेअर आपल्या बाजारात होऊन गेले आहेत. वार्षिक अहवाल उघडा आणि चिपमधून किती विक्री झाली ते पाहा. शून्य असेल तर पुढचे वाचायची गरज नाही.

खरे प्रकल्प आहेत. टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी ह्यांचा धोलेऱ्याचा ९१,००० कोटींचा फॅब, मायक्रॉनचा साणंदचा चाचणी आणि पॅकेजिंगचा कारखाना, टाटांचा आसामातल्या जागीरोडचा २७,००० कोटींचा, साणंदलाच सीजी पॉवरचा आणि केन्सचा. पण टाटा इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नोंदलेली नाही. सीजी पॉवर आणि केन्स नोंदलेल्या आहेत, त्यांचा मूळ धंदा मात्र वेगळा आहे. आणि हे सगळे यंत्रे विकत घेणारे आहेत, बनवणारे नाहीत. धोलेऱ्यात २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या पिढीच्या चिप बनतील. गाड्या, मीटर, डिस्प्लेसाठी त्या फार उपयोगाच्या, पण एआयच्या शर्यतीशी त्यांचा थेट संबंध नाही.

महाराष्ट्रातल्या लोकांना तर वेगळे सांगायला नको. वेदांत-फॉक्सकॉन तळेगावला येणार म्हणता म्हणता सप्टेंबर २०२२मध्ये गुजरातला गेला, केवढा गदारोळ झाला होता. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. घोषणेच्या दिवशी शेअर घेण्यात हाच धोका असतो.

ताळेबंद

परदेशी शेअरबद्दल इथे बरेच जण विचारतात, म्हणून कराचे लिहितो. सीए आहे, तरी स्वतःच्या सीएला विचारूनच करा, नियम बदलत असतात.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) नाही. त्यापुढच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता करून मिळतो, पण तोवर अडकून पडतो. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबने. आपल्या नोंदलेल्या शेअरना मिळणारी सव्वा लाखाची सूट ह्याला नाही. लाभांशावर अमेरिका २५ टक्के कापून घेते, त्याचे श्रेय इथे मागता येते, पण त्यासाठीचा अर्ज वेळेत भरावा लागतो.

लोक जिथे हमखास चुकतात ते म्हणजे विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता. आपले करवर्ष एप्रिल ते मार्च, हा तक्ता मात्र जानेवारी ते डिसेंबरचा. नफा झाला नसेल, एक रुपयाही परत आणला नसेल, तरी भरायचा. काळ्या पैशाच्या कायद्याखाली ह्यासाठी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोकरीत कंपनीचे शेअर मिळालेल्यांनाही हे लागू आहे. पुण्याच्या आयटीतली कितीतरी मुले नोटीस आल्यावर माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटते.

आणि अमेरिकेचा वारसा कर. तिथे न राहणाऱ्या माणसाच्या नावावर अमेरिकी कंपन्यांचे ६०,००० डॉलरहून जास्त शेअर असताना तो वारला, तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. भारताचा अमेरिकेशी ह्याबाबत करार नाही. ह्यासाठी काही जण आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकत मिणारे फंड) घेतात. रक्कम त्या मर्यादेच्या जवळ जायला लागली की हा विचार कराच, आणि नॉमिनी, खाते, पासवर्ड घरात कोणाला तरी माहीत असू द्या.

नवी सुरुवात

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे सगळे वाचून वाटते की एकेक कंपनी निवडणे मला झेपणार नाही. मग ईटीएफ?

ताळेबंद

चालेल, ताई, पण आत काय आहे ते बघून. व्हॅनएकच्या सेमीकंडक्टर ईटीएफमध्ये एकट्या एनव्हिडियाचा वाटा साधारण पाचवा हिस्सा राहत आला आहे, म्हणजे यंत्रवाल्या कंपन्यांसाठी म्हणून घेतला तरी तुमच्या पैशाचा बराच मोठा हिस्सा एनव्हिडियात जातो. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांना परदेशी गुंतवणुकीची एकूण सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ईटीएफसाठी आणखी एक अब्ज. ती भरली की नवे युनिट निघत नाहीत आणि बाजारात भाव एनएव्हीच्या (युनिटच्या खऱ्या किमतीच्या) वर जातो. नॅसडॅक १००च्या इथल्या ईटीएफमध्ये हे झालेले आहे. घ्यायच्या दिवशी फंडाच्या संकेतस्थळावर एनएव्ही आणि बाजारात भाव, दोन्ही बघा. फरक पाच-दहा टक्के असेल तर त्या दिवशी घेऊ नका.

चढती कमान

सह्यवारा, पाच शेअर आणि चार संचालक मंडळे हा मुद्दा डोक्यात बसला. माझ्या यादीत ह्या साखळीबाहेरचे काय आहे ते आज काढून बघितले, फारसे काही नाही. भावाबद्दल मात्र मतभेद कायम. तुम्ही खालच्या टोकाची वाट बघता, पण एएसएमएलचा शेअर २०१६ ते २०२१ दरम्यान कोणालाच फार काळ स्वस्त मिळाला नव्हता.

हॉलंडकर

जाता जाता, निकाल वाचणाऱ्यांसाठी : एएसएमएलने २०२६पासून दर तिमाहीला नव्या ऑर्डरींचा आकडा द्यायचे बंद करणार असे जाहीर केले आहे, हाती असलेल्या ऑर्डरींची शिल्लक वर्षातून एकदा देईल. ऑक्टोबर २०२४सारखे धक्के त्याने टळतील, पण बाहेरच्यांना अंदाज बांधणे अवघड होईल. मग टीएसएमसी आणि एसके हायनिक्सने आपला वर्षाचा भांडवली खर्च काय सांगितला ते बघावे लागेल. टीएसएमसी आपला आकडा जानेवारीत देते, साधारण एएसएमएलच्या निकालाच्या आठ-पंधरा दिवस आधी.

सह्यवारा

हे फार उपयोगी. चढती कमान, २०१६ ते २०२१बद्दल तुमचे बरोबर आहे, त्या काळात वाट बघणाऱ्याचे नुकसान झाले. म्हणून मी सगळा पैसा थांबवून ठेवत नाही, ठरवलेल्या रकमेचा एक भाग आधी घालतो आणि बाकीचा वाईट तिमाहींसाठी ठेवतो.

रात्रपाळी, एक विनंती. चीनने स्वतःची एच आणि थर चढवायची यंत्रे बनवायला घेतली आहेत, नॉरा आणि एएमईसी ही त्यातली नावे. ईयूव्हीपेक्षा लॅम आणि अप्लाइडला ती जास्त जवळची वाटतात. कामाच्या मर्यादेत राहून ह्यावर वेगळा धागा काढू शकाल का?

रात्रपाळी

काढते. ह्या आठवड्यात पाळी बदलतेय, रविवारपर्यंत लिहीन.